विडी सुटते, तलफ का सुटत नाही?

मे २०२५ पासून कर्नाटकात तंबाखूचा दुरुस्त कायदा लागू आहे. सार्वजनिक ठिकाणी ओढताना सापडल्यास दंड २०० रुपयांवरून हजार रुपयांपर्यंत गेला, तंबाखूचे पदार्थ विकत देण्याचं किमान वय १८ वरून २१ झालं आणि हुक्का बारवर बंदी आली. सीमाभागात याची गंमतच होते. निपाणीच्या टपरीवर वीस वर्षांच्या पोराला सिगारेट देणं गुन्हा. कोगनोळी ओलांडून कागलला गेलं की तोच पोरगा कायदेशीर गिऱ्हाईक, कारण महाराष्ट्रात अजून १८ चाच नियम आहे.

या सगळ्या चर्चेत एक माणूस बाजूलाच राहतो: ज्याला पंधरा-वीस वर्षांची सवय आहे, जो दर पाडव्याला सोडतो आणि आठवड्याच्या आत पुन्हा टपरीवर दिसतो. घरचे म्हणतात, मनाचा निग्रह नाही. संशोधनातून दिसतं ते थोडं वेगळं आहे. कसलीही मदत न घेता सोडू पाहणाऱ्यांपैकी वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाच असतात. मदतीची साधनं आहेत: निकोटीनचा गम, अंगाला चिकटवायची निकोटीनची पट्टी आणि गोळ्या. बेळगावात औषधाच्या दुकानात ती मिळतातही. ती फसतात ती बहुतेक वेळा मात्रा कमी पडल्याने, चुकीच्या पद्धतीने वापरल्याने किंवा लवकर बंद केल्याने. या लेखाचा भर त्यावरच आहे.

निकोटीन मेंदूत करतं काय?

मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांच्या मार्फत निरोप देतात. त्यातलं एक ॲसिटिलकोलीन. हे रसायन पेशीवर ज्या ठराविक जागी येऊन बसतं, तिला ग्राही म्हणतात. निकोटीनची घडण अशी की तेही त्या जागेत नेमकं बसतं. बसलं की डोपामाइन सुटतं. डोपामाइनला सगळे आनंदाचं रसायन म्हणतात, पण व्यसनाच्या बाबतीत त्याचं खरं काम शिकवण्याचं आहे: आत्ता जे केलंस ते पुन्हा कर.

रोज ओढणाऱ्याचे हे ग्राही सतत भरलेले राहून सुन्न पडतात. मेंदू त्यावर उपाय म्हणून ग्राहींची संख्या वाढवतो. म्हणजे वर्षं जातील तशी रिकामी राहू शकणारी तोंडं वाढतात. २००६ मध्ये अमेरिकेत मेंदूच्या स्कॅनवर मोजलं तेव्हा एक-दोन झुरक्यांतच निम्मे ग्राही व्यापलेले दिसले, आणि एका पूर्ण सिगारेटीत ८८ टक्के.

रक्तातलं निकोटीन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. रात्रीच्या झोपेनंतर ते जवळजवळ संपलेलं असतं, म्हणून सकाळची पहिली सर्वांत गोड लागते. व्यसन किती मुरलंय हे ओळखण्याची सर्वांत सोपी खूणही तीच: उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ओढावी लागते का? लागत असेल तर व्यसन जड समजायचं. ही खूण लक्षात ठेवा, पुढे गमची मात्रा तिच्यावरच ठरते.

वाढलेले ग्राही परत जागेवर येतात का? येतात. पूर्ण बंद केल्यावर सहा ते बारा आठवडे लागतात. उपचार आठ-बारा आठवड्यांचे का असतात, याचा हिशेब इथे आहे.

मग धुराचीच ओढ एवढी का?

निकोटीन पट्टीत आहे, गममध्ये आहे, पण पट्टीचं व्यसन लागलेला माणूस सहसा आढळत नाही. फरक वेगाचा आहे. धूर फुप्फुसात गेला की दहा ते वीस सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचतं. झुरका आणि बरं वाटणं यात इतकं कमी अंतर असल्यामुळे मेंदू दोन्हींची गाठ पक्की बांधतो. दिवसाला दहा सिगारेटी, प्रत्येकीचे दहा झुरके धरले तरी हा धडा रोज शंभर वेळा गिरवला जातो.

ऊसवाल्यांना हे चटकन कळेल. पाटपाणी सोडलं की सरी तुडुंब भरते, मग ताण पडतो, भेगा पडतात, पुन्हा पाळीची वाट बघायची. धूम्रपान हे पाटपाणी. पट्टी हे ठिबक: थेंब थेंब, पण जमीन पूर्ण वाळत नाही. पिकाची तहान भागते आणि पाट फुटल्याचा तो लोंढा, ज्याची खरी चटक लागते, तो येतच नाही.

विडीचा हिशेब वेगळा

निपाणी भागात तंबाखूवर लिहिताना जपून लिहावं लागतं. इथल्या कितीतरी घरांची चूल विडीच्या तंबाखूवर आणि विड्या वळणाऱ्या बायकांच्या बोटांवर चालली. १९८१ मध्ये याच तंबाखूच्या दरासाठी शेतकरी महामार्गावर बसले आणि गोळीबारात काहींचे जीव गेले. पण पिकाचा इतिहास कितीही आपला असला तरी त्याने धुराचं रसायन बदलत नाही.

‘विडी निसर्गाची, पानातली, त्यात केमिकल नाही’ असं सर्रास ऐकू येतं. विडीत तंबाखू खरोखरच कमी असतो, सुमारे ०.२ ग्रॅम, सिगारेटीत त्याच्या तिप्पट किंवा जास्त. पण टेंभुर्णीच्या पानातून हवा खेळत नाही. विडी विझू नये म्हणून भराभर आणि जोर लावून ओढावी लागते. शिवाय विडीचा तंबाखू तेज असतो. त्यामुळे एका विडीतून अंगात जाणारं निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटीपेक्षा कमी भरत नाही, उलट बहुधा जास्तच. भारतातल्या मृत्यूंचा जो मोठा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात विडी ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सुमारे ६ वर्षांनी आणि स्त्रियांचं सुमारे ८ वर्षांनी घटलेलं दिसलं. सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचं सुमारे १० वर्षांनी. दिवसाला एक ते सात विड्या ओढणाऱ्यांतही मृत्यूचं प्रमाण चौथाईने वाढलेलं होतं.

यातून एक व्यवहाराची गोष्ट. डॉक्टरांनी ‘दिवसाला किती?’ विचारलं की ‘एक कट्टा’ एवढंच सांगू नका. कट्ट्यात किती विड्या, त्यातल्या स्वतः किती ओढता आणि सकाळची पहिली उठल्यावर किती मिनिटांनी, हे सांगा. मात्रेच्या तक्त्यांमध्ये आकडे सिगारेटीचे असतात. विडीवाल्याची मात्रा कमी ठरवली जाते ती याच गोंधळातून.

सोडल्यावर कधी काय होतं

शेवटच्या विडीनंतर काही तासांत चिडचिड सुरू होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास शिखरावर असतो: चित्त लागत नाही, झोप मोडते, भूक वाढते, उगाच उदास वाटतं. दोन ते चार आठवड्यांत हे उतरतं. बहुतेक जण पुन्हा धरतात ते पहिल्याच आठवड्यात. त्यामुळे सोडण्याचा दिवस निवडताना पुढचे चार दिवस बघा. घरात लग्न, गावची जत्रा किंवा कारखान्यात रात्रपाळी असेल तर आठवडाभर पुढे ढकला. त्याहून लांब नको.

चहाची एक गोष्ट फार थोडे डॉक्टर सांगतात. धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफीन झपाट्याने निकालात काढतं. धूर बंद झाला की हा वेग मंदावतो आणि तेवढ्याच चहा-कॉफीतलं कॅफीन रक्तात जास्त वेळ राहतं. हात थरथरतात, छाती धडधडते, झोप येत नाही. माणसाला वाटतं विडी सोडल्याचा त्रास, आणि तो विडी पेटवतो. पहिल्या दिवसापासून चहा निम्मा करा. याच कारणाने थिओफिलीन (दम्यावरचं), क्लोझापीन, ओलान्झापीन (मानसिक आजारांवरची) यांसारखी औषधं चालू असणाऱ्यांनी सोडण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण त्यांची मात्रा कमी करावी लागू शकते.

तलफेची एकेक लाट काही मिनिटांचीच असते. ती उठते मात्र ठरलेल्या जागी: जेवणानंतर, चहाच्या कपासोबत, बसची वाट बघताना. मेंदूतला इन्सुला नावाचा भाग शरीराच्या आतल्या जाणिवांचा हिशेब ठेवतो. २००७ मधल्या एका अभ्यासात, पक्षाघाताने हा भाग निकामी झालेल्या काही धूम्रपान करणाऱ्यांची सवय एका झटक्यात सुटलेली आढळली. त्यांना ओढावंसंच वाटेना. ओढ म्हणजे नुसता मनाचा हट्ट असता तर असं झालं नसतं.

‘निकोटीन सोडायला निकोटीनच? एक जाऊन दुसरं!’

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि तो अगदीच खुळा नाही. उत्तर असं, की माणूस ओढतो निकोटीनसाठी, मरतो मात्र धुरातलं डांबर (टार) आणि वायूंमुळे. कर्करोग घडवतात ते धुरातले डझनावारी घटक. रक्तातला प्राणवायू हिरावतो तो कार्बन मोनॉक्साइड. गम-पट्टीत यातलं काही नसतं. निकोटीन निरुपद्रवी आहे असं मात्र नाही. लहान मुलांसाठी ते विष आहे. गरोदरपणात, किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

निकोटीन गमची कल्पना स्वीडनमध्ये पाणबुडीवरच्या खलाशांमुळे पुढे आली. पाण्याखाली ओढता येत नाही म्हणून ते तंबाखू तोंडात धरत आणि त्यांचं भागतंय, हे संशोधकांच्या ध्यानात आलं. पुढे १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये गमला औषध म्हणून मान्यता मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये आणि भारताने २०२२ मध्ये निकोटीन पर्यायी उपचार अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले. या उपचारांनी सुटण्याची शक्यता साधारण दीडपट होते. दीडपट म्हणजे हमी नव्हे. पण फुकट गेलेल्या प्रयत्नांतले बरेच यात वाचतात.

गम चघळायचा नसतो

नाव ‘च्युइंग गम’ असल्याने लोक तो बडीशेपेसारखा चावत बसतात. मग लाळेबरोबर निकोटीन पोटात जातं, उचकी लागते, पोटात जळजळतं, आणि मेंदूपर्यंत फारसं काही पोचतच नाही, कारण पोटातून गेलेलं बरंचसं निकोटीन यकृतच संपवतं. निष्कर्ष निघतो: गमचा उपयोग नाही.

निकोटीन शोषलं जायला हवं गालाच्या आतल्या त्वचेतून. तंबाखूचा बार भरणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. तो चुना लावून गालफडात धरतो. चुन्याने तोंड अल्कधर्मी होतं आणि निकोटीन लवकर मुरतं. गममध्येही त्याच कारणासाठी सोड्याच्या जातीचा क्षार घातलेला असतो.

पद्धत अशी. सावकाश चावा. झिणझिण्या किंवा तिखट चव आली की थांबा आणि गम गाल व हिरडीच्या मध्ये ठेवा. चव ओसरली, साधारण मिनिटभराने, की पुन्हा दोन-चार वेळा चावा आणि जागा बदलून ठेवा. असं अर्धा तास. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा, कॉफी, ताक, लिंबू सरबत, सोलकढी, थंड पेयं यातलं काही नको. आंबट तोंडात निकोटीन शोषलंच जात नाही. आपल्याकडे गम फसण्याचं दुसरं कारण हेच आहे, जेवून ताक प्यायल्याबरोबर गम तोंडात.

पहिली ओढण्याची वेळ उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत असेल तर ४ मिलिग्रॅम, नंतर असेल तर २ मिलिग्रॅम. २ चा गम चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ साठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दर दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे दर चार-आठ तासांनी. दिवसाला २४ च्या वर नाही. तलफ आल्यावरच घ्यायचा असं ठरवलं तर गम नेहमी उशिरा पोचतो, कारण त्याचं निकोटीन रक्तात पुरेसं चढायला वीस-तीस मिनिटं लागतात. घड्याळ लावून घ्या. दिवसाला तीन-चार गमांवर भागवणारा काटकसर करतोय असं त्याला वाटतं, प्रत्यक्षात तो उपाशी राहून सोडतोय.

पट्टी कशी लावायची

निकोटीन त्वचेतून जातं यावर विश्वास बसत नसेल तर तंबाखूची ओली पानं तोडणाऱ्यांना होणारी मळमळ आणि गरगर आठवा. ओल्या पानातलं निकोटीन हातातून आत जातं, त्याचा तो परिणाम. पट्टी हेच काम मोजून-मापून करते.

दिवसाला दहापेक्षा जास्त सिगारेटी ओढणाऱ्यासाठी २१ मिलिग्रॅमची पट्टी सहा आठवडे, मग १४ ची दोन आठवडे, मग ७ ची दोन आठवडे. सकाळी आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करून, दंडावर किंवा छातीवर केस नसलेल्या जागी लावायची, तळहाताने दहा सेकंद दाबायची. तेल, पावडर लावलेल्या अंगावर ती टिकत नाही. रोज जागा बदलायची, तीच जागा आठवडाभर पुन्हा नको. थोडी खाज आणि लाली चालते. फोड आले तर काढा. रात्री भलभलती स्वप्नं पडून झोप मोडत असेल तर झोपताना काढून ठेवा. वापरलेल्या पट्टीतही निकोटीन उरतं, म्हणून चिकट बाजू आत दुमडून पोरांच्या हाताला लागणार नाही अशी टाका. पट्टी कापून अर्धी लावू नका.

एकट्या पट्टीपेक्षा पट्टी आणि गम एकत्र हा उपाय जास्त चालतो, हे अनेक चाचण्यांमध्ये दिसलंय. ठिबक चालू ठेवायचं आणि चहाच्या वेळी, जेवणानंतर लागणारी जास्तीची तहान गमने भागवायची. ‘दोन्ही एकदम घेतलं तर जास्त होईल ना?’ मळमळ, गरगर, छातीत धडधड झाली तर मात्रा जास्त झाली समजा आणि गम कमी करा. प्रत्यक्षात बहुतेकांची मात्रा कमीच पडते.

गोळ्या

व्हॅरेनिक्लीन हे सवय सोडवण्यासाठीचं औषध निकोटीनच्याच ग्राहीवर बसतं पण त्याला अर्धवटच चेतवतं. तलफ कमी होते, आणि जागा आधीच भरलेली असल्यामुळे मधेच विडी ओढली तरी मजा येत नाही. सोडण्याच्या आठवडाभर आधी सुरू करतात: पहिले तीन दिवस ०.५ मिलिग्रॅम एकदा, चौथ्या ते सातव्या दिवशी ०.५ दोनदा, आठव्या दिवसापासून १ मिलिग्रॅम दोनदा, एकूण बारा आठवडे. मळमळ हा नेहमीचा त्रास; जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घेतली की कमी होतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्रा कमी लागते. या गोळीने डोकं बिघडतं, ही भीती बरीच वर्षं होती. २०१६ मध्ये आठ हजारांवर लोकांच्या चाचणीत तसा धोका ठळकपणे वाढलेला दिसला नाही आणि अमेरिकेने गोळीवरचा तो कडक इशारा काढून टाकला.

दुसरं औषध ब्युप्रोपिऑन. ते मुळात नैराश्यावरचं. फिट्स येणाऱ्यांना ते देत नाहीत. ही दोन्ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची.

‘मी कमी करत आणलंय, आता दिवसाला एकच’

एकच म्हणजे विसाव्या हिश्शाचा धोका, असं गणित मनात असतं. फुप्फुसाच्या कर्करोगाबाबत ते काही अंशी खरं. हृदयाचं गणित वेगळं: दिवसाला वीस सिगारेटींनी हृदयविकाराचा जो धोका वाढतो, त्याचा ४० ते ५० टक्के भाग एकाच सिगारेटीने वाढतो. शिवाय संख्या कमी केली की माणूस नकळत प्रत्येक झुरका खोल घेतो. ‘लाइट’ सिगारेटीही याच कारणाने लाइट नसतात.

हळूहळू की एकदम? २०१६ मध्ये इंग्लंडमध्ये ६९७ जणांवर हे तपासलं. चार आठवड्यांनंतर एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के टिकून होते, हळूहळू सोडणाऱ्यांपैकी ३९ टक्के. ज्याला एकदम जमतच नाही त्याने गम घेत घेत कमी करायला हरकत नाही, पण शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहून.

‘त्यापेक्षा तंबाखू मळतो’ हा मार्ग तोंडाच्या कर्करोगाकडे जातो आणि निकोटीन आहे तिथेच राहतं. ई-सिगारेट देशभर २०१९ पासून बंद आहे. चोरून येणाऱ्या मालात काय भरलंय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. हर्बल विडीत तंबाखू नसेल, पण जळणाऱ्या पाल्याचं डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड असतंच.

‘वजन वाढतं, टेन्शन येतं’

वजन वाढतं हे खरं, वर्षभरात सरासरी चार-पाच किलो. सोडण्याचा फायदा त्याहून कितीतरी मोठा आहे, पण मधुमेह असणाऱ्यांनी पहिले तीन महिने साखर जास्त वेळा तपासावी. टेन्शनचं उलट आहे. विडीने जो ताण उतरल्यासारखा वाटतो, त्यातला बराचसा मागची विडी उतरल्यामुळेच चढलेला असतो. सोडून काही आठवडे झालेल्यांची चिंता आणि उदासी ओढत राहणाऱ्यांपेक्षा कमी झाल्याचं अभ्यासांत दिसतं.

‘आता पन्नाशी आली, काय उपयोग?’ ब्रिटिश डॉक्टरांवर पन्नास वर्षं चाललेल्या अभ्यासात तिशीत सोडणाऱ्यांचं आयुष्य सुमारे १० वर्षांनी वाढलं, चाळिशीत ९, पन्नाशीत ६ आणि साठीत सोडणाऱ्यांचंही ३ वर्षांनी.

मधेच एक ओढली तर?

गम-पट्टी बंद करू नका. नेमकं इथेच लोक चुकतात: ‘ओढलीच आहे तर पट्टी कशाला’ म्हणून उपचार सोडतात आणि दोन दिवसांत कट्टा परत खिशात येतो. उरलेल्या विड्या त्याच क्षणी फेका, पट्टी तशीच ठेवा आणि कुठे, कोणाबरोबर, कशाच्या मागोमाग ओढली ते लिहून ठेवा. जेवणानंतर टपरीवर घसरला असाल तर पुढचा गम जेवण संपल्यावर खळखळून चूळ भरून, पंधरा मिनिटांनी, टपरीवर न जाता.

फोनवर समुपदेशन फुकट मिळतं: १८००-११-२३५६. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयातही सोय असते, तिथे गेल्यावर तंबाखूमुक्ती केंद्र विचारा. हा फोन नंबर २०१८ पासून पाकिटावरच्या चित्राखाली छापलेला असतो. सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हातात मात्र पाकीट कधी येतच नाही, म्हणून त्याच्यासाठी तो इथे.